वीज, तबकडी आणि स्मृति

ज्ञान सांठवून ठेवण्यासाठीं मनुष्यानें आजवर जीं जीं साधनें निर्माण केलीं, त्या प्रत्येकाचा एक ठरलेला वैरी असतो. ताडपत्राचा वैरी कसर, भूर्जपत्राचा वैरी दमट हवा, कागदाचा वैरी अग्नि. निनवे येथील असुरबनिपाल राजाच्या ग्रंथसंग्रहांतील मातीच्या विटा ख्रिस्तपूर्व ६१२ सालीं त्या नगराच्या विध्वंसांत आगीनें भाजून निघाल्या आणि मातीच्या असल्यामुळें उलट अधिक टणक होऊन अडीच हजार वर्षें टिकल्या. तीच आग कागदी ग्रंथालयाला लागली असती तर राखेखेरीज कांहींहि उरलें नसतें. सारांश, साधन बदललें कीं त्याचा वैरीहि बदलतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जगाच्या सांठवणीचा फार मोठा भाग मातीवरून नव्हे, पानावरून नव्हे, तर फिरत्या चुंबकीय तबकड्यांवर जाऊन बसला. या तबकड्यांच्या बंद पेटीस हार्ड डिस्क म्हणतात. तिला कसर लागत नाहीं. तिचा खरा वैरी म्हणजे ध्यानीं मनीं नसतांना जाणारी आणि तितकीच एकाएकीं परत येणारी वीज.

दि. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं सकाळीं दहाच्या सुमारास मुंबई, ठाणें व नवी मुंबई या भागांतील वीज गेली. लोकलगाड्या जागच्या जागीं थांबल्या. तो कोरोनाच्या सांथीचा काळ असल्यामुळें असंख्य कचेऱ्या घराघरांतून चालल्या होत्या. विद्यापीठाच्या परीक्षाहि संगणकावरून चालूं होत्या, त्या पुढें ढकलाव्या लागल्या. कांहीं तासांनीं वीज परत आली. दिवे लागले, पंखे फिरूं लागले. कारण दिव्याला आणि पंख्याला स्मृति नसते. संगणकाला ती असते. अशा प्रसंगानंतर ज्या घरांतील संगणक पुन्हां सुरू होत नाहीं, पडद्यावर डिस्क सांपडत नसल्याची सूचना येते आणि पेटीच्या आंतून टक् टक् असा आवाज ऐकूं येतो, त्या घराचें नुकसान यंत्राच्या किंमतीनें मोजतां येत नाहीं. यंत्र बाजारांत पुन्हां मिळतें; पण गेलेल्या आजीचीं छायाचित्रें, तीन वर्षें खपून लिहिलेला प्रबंध किंवा धंद्याचे सगळे हिशेब कोणत्याहि दुकानांत मिळत नाहींत.

असें कां होतें, हें समजण्यासाठीं या यंत्राचा इतिहास पाहिला पाहिजे. वेगानें फिरावें कसें, हें हार्ड डिस्कला जन्मतःच येत होतें. नीट थांबावें कसें, हें शिकण्यास मात्र तिला जवळजवळ चाळीस वर्षें लागलीं. तिचा इतिहास हा पुष्कळ अंशीं या थांबण्याच्या शिक्षणाचा इतिहास आहे.

या यंत्राची जन्मकथा शिक्षकवर्गाला अभिमान वाटावा अशी आहे. रेनॉल्ड जॉन्सन यांचा जन्म १९०६ सालीं अमेरिकेंत झाला. तरुणपणीं ते मिशिगन संस्थानांतील एका शाळेंत विज्ञान शिकवीत. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका तपासण्याचें काम किती कंटाळवाणें असतें हें शिक्षकाखेरीज कोणास ठाऊक! पेन्सिलीच्या शिशांतून वीज वाहते, या साध्या गोष्टीचा उपयोग करून जॉन्सन यांनीं पेन्सिलीच्या खुणा ओळखून गुण देणारें यंत्र बनविलें. आयबीएम कंपनीनें त्या यंत्राचे हक्क घेतले आणि १९३४ सालीं जॉन्सन यांनाहि आपल्या नोकरींत घेतलें. पुढें १९५२ सालीं कंपनीनें त्यांना कॅलिफोर्नियांतील सॅन होझे येथें नवी प्रयोगशाळा काढण्यास पाठविलें.

त्या काळीं संगणकाची माहिती भोंकें पाडलेल्या पत्त्यांवर आणि चुंबकीय फितींवर ठेवीत असत. फितींत एक मोठी अडचण असे. शेवटचें पान हवें असलें तरी सारी पोथी पहिल्या पानापासून उलटावी लागावी, तशी ती स्थिति होती. वाटेल तें पान एकदम उघडतां यावें, यासाठीं जॉन्सन यांच्या मंडळींनीं ग्रामोफोनच्या तबकड्यांप्रमाणें चुंबकीय लेप दिलेल्या धातूच्या तबकड्या एकाच दांड्यावर बसविण्याची योजना केली. १९५६ च्या सप्टेंबर महिन्यांत हें यंत्र रॅमॅक या नांवाच्या संगणकासह जगापुढें आलें. त्यांत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या. त्या मिनिटाला १२०० फेरे घेत. एवढ्या मोठ्या यंत्रांत मावत होतीं अवघीं ५० लाख अक्षरें. हल्लीं खिशांतील फोनवर काढलेलें एक छायाचित्र तेवढी जागा सहज अडवितें.

तबकडीवर लिहिण्याचें व तिच्यावरून वाचण्याचें काम एक चिमुकला चुंबकीय भाग करतो. त्यास हेड म्हणतात. ग्रामोफोनची सुई तबकडीला टेंकलेली असते. पण येथें तसें चालत नाहीं. एवढ्या वेगानें फिरणाऱ्या तबकडीस हेड घासलें तर लेप खरवडून निघेल आणि लेप गेला म्हणजे लेखहि गेला. म्हणून हेड तबकडीच्या अगदीं जवळ, पण तिला न शिवतां अधांतरीं राहिलें पाहिजे. रॅमॅकमध्यें त्यासाठीं हवा दाबून सोडणारें स्वतंत्र यंत्र बसविलें होतें. त्या हवेच्या गादीवर हेड तबकडीपासून सुमारें २० मायक्रॉन अंतरावर तरंगे. माणसाचा केंस साधारणतः ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो, हें लक्षांत घेतलें म्हणजे या अंतराची कल्पना येईल.

पुढच्या पांच वर्षांत एक महत्त्वाचा शोध लागला. बाहेरून हवा सोडण्याची गरजच नाहीं. वेगानें फिरणारी तबकडी आपल्याबरोबर हवेचा एक पातळ थर ओढून नेते, आणि हेडाचा आकार योग्य ठेवला तर त्या थरावरच तें तरंगतें. १९६१ सालीं जाहीर झालेल्या आयबीएम १३०१ या यंत्रांत ही युक्ति प्रथम व्यवहारांत आली. प्रत्येक पृष्ठासाठीं निराळें हेड देणें त्यामुळेंच शक्य झालें, आणि दाबाच्या हवेची कटकट गेली. पण या लाभाबरोबर एक धोकाहि यंत्राच्या पोटांत शिरला. हेडाचें तरंगणें आतां सर्वस्वी तबकडीच्या गतीवर अवलंबून राहिलें. वीज गेली कीं मोटर थांबते, मोटर थांबली कीं तबकडी मंदावते, तबकडी मंदावली कीं हवेचा थर विरतो, आणि हवा विरली कीं हेड खालीं येतें. आजच्या घरांत वीज गेल्यावर डिस्कवर जो प्रसंग येतो, त्याचें मूळ या साखळींत आहे.

१९६० नंतरच्या दशकांत तबकड्यांचे संच यंत्रांतून काढून कपाटांत ठेवण्याची पद्धति रूढ झाली. १९६२ सालच्या आयबीएम १३११ यंत्रांत असा संच असे. त्या यंत्रांत थांबण्यापूर्वीं हेडें तबकड्यांच्या मधून पूर्णपणें बाहेर ओढून घ्यावीं लागत. आणि वीज कांहीं पूर्वसूचना देऊन जात नाहीं. ९ नोव्हेंबर १९६५ रोजीं सायंकाळीं अमेरिकेच्या ईशान्य भागांत व कॅनडाच्या लगतच्या प्रदेशांत सुमारें तीन कोटी लोक अंधारांत सांपडले. न्यूयॉर्कमध्यें पहांटेपर्यंत वीज आली नाहीं. अशा अनुभवांतून यंत्रशास्त्रज्ञांना कळून चुकलें कीं, वीज असतांना डिस्क कशी चालते एवढें पाहून भागणार नाहीं; वीज नसतांना पहिल्या एक-दोन सेकंदांत ती काय करते, याचीहि योजना यंत्र घडवितांनाच केली पाहिजे.

१९७३ सालीं आयबीएमनें ३३४० हें यंत्र काढलें. केनेथ हॉटन हे त्याचे प्रमुख. मूळ बेत तीस-तीस मेगाबाइटच्या दोन डिस्कांचा होता. 'तीस-तीस' म्हटलें कीं अमेरिकन माणसास विंचेस्टर बंदुकीचें काडतूस आठवतें. म्हणून हॉटन यांनीं यंत्राचें टोपणनांव विंचेस्टर ठेवलें, आणि पुढें कित्येक वर्षें साऱ्या हार्ड डिस्कांना तेंच नांव पडलें. विंचेस्टरनें प्रश्नाकडे उलट्या बाजूनें पाहिलें. हेड शेवटीं खालीं येणारच असेल, तर तें येऊं द्यावें. मात्र तें इतकें हलकें असावें आणि तबकडीवर वंगणाचा असा सूक्ष्म हात फिरविलेला असावा कीं, उतरतांना कोणासहि इजा होऊं नये. त्याचबरोबर तबकड्या आणि हेडें एकाच बंद पेटींत ठेवण्यांत आलीं. आतां अंतर अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास आलें होतें, आणि धुराचा एखादा कणहि वाटेंत धोंड्यासारखा आडवा येऊं शकत होता.

ही पेटी मोठ्या कचेरींतून लोकांच्या टेबलावर आली ती १९८० सालीं. रॅमॅकच्या काळापासून या क्षेत्रांत वावरलेले ॲलन शुगार्ट यांच्या कंपनीनें, जिला पुढें सीगेट हें नांव मिळालें, सव्वापांच इंची तबकड्यांची पांच मेगाबाइटची डिस्क विकावयास काढली. १९८३ सालीं आयबीएमच्या एक्सटी संगणकांत दहा मेगाबाइटची डिस्क बसून आली. पण यंत्र स्वस्त करण्यासाठीं जी काटकसर केली गेली, तिचा परिणाम थांबण्याच्या शिस्तीवर झाला. या डिस्कांतील हेड पायरी-पायरीनें सरकणाऱ्या मोटरीवर हलत असे. वीज गेली कीं ती मोटर होती त्याच पायरीवर थांबे, आणि हेड ज्या मजकुरावर असेल त्याच मजकुरावर उतरे. त्या वेळीं संगणक बंद करण्यापूर्वीं 'पार्क' नांवाची आज्ञा देण्याचा प्रघात होता. ती दिली कीं हेड सर्वांत आंतल्या, मजकूर नसलेल्या वर्तुळावर जाऊन बसे. जुन्या संगणकशाळांतून शिकलेल्या पिढीस हा पाठ चांगला आठवत असेल. परंतु पार्कची आज्ञा देण्यास सवड मिळे ती माणसानें स्वतः यंत्र बंद केलें तरच. वीज मंडळ आज्ञा देऊन वीज नेत नसे.

या अडचणींतून जो उपाय निघाला, तो या सबंध इतिहासांतील सर्वांत सुंदर उपाय म्हणावा लागेल. पायरीच्या मोटरीऐवजीं ध्वनिक्षेपकाच्या कर्ण्यामागें असतें तसें तारेचें वेटोळें वापरण्यास सुरुवात झाली. महागड्या यंत्रांत तें पूर्वींपासून होतें. १९८० नंतरच्या दशकांत तें हळूहळू घरगुती डिस्कांतहि आलें. आतां पाहा: मोटरीला वीज दिली तर ती फिरते, उलट फिरती मोटर स्वतः वीज उत्पन्न करते. बाहेरची वीज गेली तरी तबकड्या आपल्या जडपणामुळें क्षणभर फिरत राहतात. त्या उरलेल्या गतींतून मोटर जी थोडीशी वीज उत्पन्न करते, तीच वेटोळ्यांत सोडून हेडाला सुरक्षित जागीं नेऊन बसवावयाचें आणि तेथें चुंबकाच्या खिटीनें अडकवून ठेवावयाचें. मरणोन्मुख चाकाच्या शेवटच्या श्वासावर हेडाचे प्राण वांचविण्याची ही योजना होय. आजहि प्रत्येक फिरती हार्ड डिस्क, वीज गेली कीं, हेंच करते. पार्कची आज्ञा त्यामुळें इतिहासजमा झाली.

तरीहि संकट संपलें नाहीं. त्यानें वेष मात्र बदलला. हेड तबकडीच्या जितकें जवळ जावें तितका लेख बारीक लिहितां येतो, म्हणून तबकड्या दिवसेंदिवस अधिकाधिक गुळगुळीत होत गेल्या. दोन ओल्या कांचा एकमेकींवर ठेवल्या तर त्या सहजासहजीं सुटत नाहींत. तोच प्रकार गुळगुळीत तबकडी आणि गुळगुळीत हेड यांचा होऊं लागला. थांबलेलें हेड तबकडीस चिकटून बसे आणि लहानशा मोटरीला तें सोडवितां येत नसे. ज्या कचेऱ्यांत संगणक वर्षानुवर्षें अहोरात्र चालूं असत, तेथें हा अनुभव विशेष येई. डिस्क दोन-दोन वर्षें विनातक्रार फिरे. एके दिवशीं वीज जाई, तबकड्या प्रथमच पूर्ण थांबत आणि वीज परत आली तरी त्या पुन्हां फिरत नसत. दोष विजेवर येई. परंतु विचार केला तर येथें वीज हें कारण नव्हे, निमित्त होय. झिजलेले बेअरिंग, दाटलेलें वंगण, अशक्त झालेली मोटर यांचा आजार आधींच जडलेला असतो. चालत्या गाडीला थकवा दिसत नाहीं. ती थांबून पुन्हां निघूं लागली म्हणजे तो दिसतो. वीज जाऊन परत आल्यावर बंद पडलेल्या डिस्कांपैकीं पुष्कळांची कथा हीच असते.

१९९० नंतरच्या दशकांत या चिकटण्यावर दोन उपाय निघाले. एक म्हणजे हेड उतरण्याच्या पट्ट्यावर लेसर किरणांनीं सूक्ष्म उंचवटे उठवून तेवढाच भाग मुद्दाम खरखरीत करणें. दुसरा, आणि शेवटीं विजयी झालेला, म्हणजे तबकडीच्या कडेला एक लहानसा उतार बसवून थांबतेवेळीं हेडाला तबकडीवरून उचलून त्या उतारावर चढविणें. साठ वर्षांपूर्वींच्या यंत्रांत हेड बाहेर ओढून घेत, त्याच कल्पनेकडे इतिहास असा वळसा घालून परत आला. मात्र शांतपणें उतरणें आणि घाईनें पळणें यांत फरक राहतोच. लॅपटॉपच्या कांहीं डिस्कांच्या तपशीलपत्रकांत नेहमीच्या उतरण्याची मर्यादा सहा लाख वेळां, तर वीज तुटल्यामुळें होणाऱ्या आणीबाणीच्या उतरण्याची मर्यादा अवघी वीस हजार वेळां दिलेली असे. एवढेंच नव्हे, डिस्क स्वतःच या प्रसंगांची नोंद ठेवते. तिच्या प्रकृतीची जी वही स्मार्ट या नांवानें ओळखली जाते, तींत वीज तुटून हेड किती वेळां मागें घ्यावें लागलें याचा एक स्वतंत्र आंकडा असतो. ज्या घरीं हा आंकडा मोठा आढळेल, त्या घराच्या वायरिंगविषयीं आणखी साक्षीदार शोधण्याचें कारण नाहीं.

येथवर यंत्राच्या देहाची कथा झाली. पण वीज गेल्यावर देह शाबूत राहूनहि स्मृति जाऊं शकते. डिस्कवरील मजकूर ५१२ अक्षरांच्या खणांत, आणि २०१० नंतरच्या यंत्रांत बहुधा ४०९६ अक्षरांच्या खणांत लिहिला जातो. प्रत्येक खणाच्या शेवटीं पडताळ्याचे आंकडे असतात. खण लिहीत असतांनाच वीज गेली, तर अर्धा मजकूर नवा, अर्धा जुना, आणि पडताळा कोणाशींच जुळत नाहीं, अशी स्थिति होऊं शकते. डिस्क मग तो खण वाचण्याचें नाकारते. तबकडी तेथें फुटलेली नसते. लेख तेवढा अपुरा राहिलेला असतो. दुसरी गोष्ट अशी कीं, वेगासाठीं डिस्क आलेला मजकूर आधीं आपल्या लहानशा क्षणिक स्मृतींत ठेवते आणि 'लिहिलें' असें संगणकास कळवून मोकळी होते. त्या दोन क्षणांच्या मध्यें वीज गेली, तर जें लिहिलें असें संगणक समजतो तें मुळीं लिहिलेलेंच नसतें. फायलींच्या अनुक्रमणिकेंत असा घोळ झाला तर ग्रंथ जागेवर असून सूची हरवलेल्या ग्रंथालयासारखी अवस्था होते.

यावरचा उपाय आपल्याकडच्या कोणत्याहि जुन्या पेढीवरच्या मुनिमास सांगावा लागला नसता. मुनीम व्यवहार आधीं रोजकीर्दींत टिपतो आणि मग सवडीनें खतावणींत चढवितो. खतावणी अर्धवट राहिली असतां दिवा गेला, तरी चिंता नसते. कीर्द पाहून ती पुरी करतां येते. आणि कीर्दींतच नोंद पुरी झालेली नसेल, तर तो व्यवहार झालाच नाहीं असें समजावयाचें. संगणकशास्त्रांत हें तत्त्व १९७० नंतरच्या दशकांत शास्त्रशुद्ध रीतीनें मांडलें गेलें. त्या कामांत आयबीएमच्या सॅन होझे येथील प्रयोगशाळेंत असलेले जिम ग्रे अग्रभागीं होते. त्यांना १९९८ सालचें ट्युरिंग पारितोषिक मिळालें. मद्रासच्या आय.आय.टी.चे पदवीधर सी. मोहन यांनीं सहकाऱ्यांसह १९९२ सालीं प्रसिद्ध केलेली एरीज ही पद्धति या विषयांतील आधारस्तंभ समजली जाते. १९९३ सालीं विंडोज एनटीबरोबर आलेल्या एनटीएफएस पद्धतींत आणि २००१ सालीं लिनक्समध्यें आलेल्या ईएक्सटी-३ पद्धतींत डिस्कवरील फायलींची व्यवस्थाहि अशी कीर्द ठेवूं लागली. हल्लींचा संगणक वीज गेल्यानंतरहि बहुधा निमूटपणें सुरू होतो, तो या कीर्दीच्या पुण्याईनें.

तिसरा घाव वीज जातांना पडत नाहीं, येतांना पडतो. वीज परत येण्याच्या क्षणीं दाब कधीं कधीं उसळी मारतो. डिस्कच्या पाठीवर जी हिरवी पट्टी असते, तिच्यावर असा झटका स्वतःवर घेऊन उरलेल्या भागाचें रक्षण करणारे लहान भाग बसविलेले असतात. त्यांनीं आपलें कर्तव्य बजावलें कीं ते जळतात आणि डिस्क अगदीं निःशब्द होते. आंतील लेख अशा वेळीं बहुधा सुखरूप असतो. पूर्वीं त्याच जातीच्या दुसऱ्या डिस्कची पट्टी लावून काम भागत असे. हल्लीं तें भागत नाहीं. कारण प्रत्येक डिस्कच्या बारीकसारीक खोडी तिच्याच पट्टीवरील एका चिपेंत नोंदलेल्या असतात, आणि ती चिप जुन्या पट्टीवरून काढून नव्या पट्टीवर बसवावी लागते. हें कसबी माणसाचें काम आहे.

या इतिहासावरून संकटसमयीं कसें वागावें, याचीं सूत्रें आपोआप निघतात. पहिलें सूत्र असें कीं, बाहेरचें आधीं पाहावें. अडॅप्टर जळला असेल, केबल सैल झाली असेल, संगणकाचा वीजपुरवठा करणारा भागच निकामी झाला असेल. दुसरी केबल लावून, दुसऱ्या संगणकास जोडून हें ठरवितां येतें. दुसरें सूत्र, कान द्यावा. मुळींच आवाज नसेल तर संशय पट्टीवर किंवा वीजपुरवठ्यावर घ्यावा. बारीक गुणगुण करून मोटर थांबत असेल तर हेड चिकटलें असण्याचा किंवा मोटर अडल्याचा संभव असतो. ठरावीक अंतरानें टक् टक् असा आवाज येत असेल, तर हेडाला आपली खूण सांपडत नाहीं असें समजावें. या शेवटच्या दोन प्रसंगीं वीज तत्काळ बंद करावी. पुनःपुन्हां चालूं करून पाहणें म्हणजे मोडलेल्या पायानें चालवून पाहण्यासारखें आहे. जखमी हेड दर फेऱ्याला लेप खरवडीत असतें. डिस्क बर्फाच्या कपाटांत ठेवण्याचे जे उपाय ऐकूं येतात, त्यांनीं आंत दंव धरतें. पेटीचें झांकण घरीं उघडणें हा तर आत्मघात होय. कारण आज हेड आणि तबकडी यांच्यामधील अंतर अवघें कांहीं नॅनोमीटर आहे, आणि घरांतल्या हवेंतील धुळीचा साधा कण त्याच्या मानानें डोंगराएवढा असतो.

तिसरें सूत्र सर्वांत महत्त्वाचें. डिस्क नेहमीप्रमाणें फिरते, संगणकास दिसते, पण फायली उघडत नाहींत किंवा ती नव्यानें फॉरमॅट करूं काय, असा प्रश्न पडद्यावर येतो, तेव्हां होकार देऊं नये आणि दुरुस्तीची आज्ञाहि लगेच देऊं नये. दुरुस्तीची आज्ञा अनुक्रमणिकेचा मेळ घालते. मजकूर वांचविणें हें तिचें मुख्य काम नव्हे, आणि मेळ घालण्याच्या भरांत ती तुटक मजकूर सोडूनहि देते. आधीं त्या डिस्कची खणामागून खण अशी पूर्ण नकल दुसऱ्या निरोगी डिस्कवर उतरवून घ्यावी. वाईट खण मागें ठेवून चांगले आधीं उतरविणारे कार्यक्रम याचसाठीं आहेत. मग जे प्रयोग करावयाचे ते नकलेवर करावेत. मूळ प्रत हातीं शाबूत असली म्हणजे चुकलेला प्रयोग पुन्हां करतां येतो.

आणि हें संकट येण्यापूर्वींच टाळावयाचें असेल, तर यूपीएस हा पहिला उपाय. वीज तुटली तरी संगणकाचा वीजपुरवठा फार तर १६ सहस्रांश सेकंद किंवा त्याच्या आसपास दम धरतो. साध्या इन्व्हर्टरला अदलाबदल करण्यास त्याहून अधिक वेळ लागूं शकतो, म्हणून घरांत इन्व्हर्टर आहे एवढ्यानें निश्चिंत राहतां येत नाहीं. यूपीएस मिळवून देतो तीं दहा-पंधरा मिनिटें काम पुढें चालविण्यासाठीं नसून नीट थांबण्यासाठीं असतात. शिवाय वीज गेली असतांना संगणकाची कळ बंद करून ठेवावी आणि वीज येऊन स्थिरावल्यावर ती चालूं करावी, म्हणजे परतीच्या उसळीचा घाव चुकतो.

आतां फिरत्या तबकडीची जागा पुष्कळ ठिकाणीं एसएसडीनें घेतली आहे. तींत फिरणारें कांहींच नाहीं, म्हणून हेड पडण्याचें भय नाहीं. पण कोणता मजकूर कोणत्या खणांत आहे याचा नकाशा तिलाहि सतत लिहावा लागतो, आणि तो लिहीत असतां वीज गेली तर तोहि बिघडूं शकतो. म्हणूनच मोठ्या संस्थांसाठीं बनविलेल्या एसएसडींत क्षणभर पुरेल एवढी वीज सांठवून ठेवणारे कपॅसिटर बसवितात. चाकाचा शेवटचा श्वास गेला, तेव्हां त्याचें काम या कपॅसिटरांकडे आलें. साधन बदललें, वैरी मात्र या वेळीं बदलला नाहीं.

शेवटीं सर्व उपायांचा राजा एकच उरतो, आणि तो संगणकापेक्षां फार जुना आहे. तो म्हणजे नकल. ज्ञानेश्वरीच्या रचनेला तीनशें वर्षें होत आलीं, तेव्हां तिच्या प्रतींत नाना अपपाठ शिरले होते. शके १५०६ मध्यें, म्हणजे इ. स. १५८४ च्या सुमारास, एकनाथ महाराजांनीं तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. हें त्यांना शक्य झालें, कारण लोकांनीं पिढ्यान्‌पिढ्या त्या ग्रंथाच्या नकला करून ठेवल्या होत्या. अनेक सदोष प्रतींतून एक निर्दोष प्रत उभी करतां येते. पण एकुलती एक प्रत गेली म्हणजे एकनाथांसारख्या पुरुषासहि कांहीं करतां आलें नसतें. ज्यांच्या घरीं सबंध कुटुंबाची स्मृति आज एकाच पेटींत फिरत आहे, त्यांनीं तिची एक नकल दुसऱ्या डिस्कवर करून ती संगणकापासून वेगळी ठेवावी, आणि शक्य असेल तर आणखी एक दुसऱ्या घरीं ठेवावी. डिस्कला नीट थांबावयास शिकविण्याचें काम यंत्रशास्त्रज्ञांनीं चाळीस वर्षें केलें. नकल करून ठेवण्याचें काम मात्र ज्यानें त्यानें आपल्या घरींच केलें पाहिजे, आणि तें वीज असतांनाच केलें पाहिजे.